बुट्टीचा अर्धा मार्क

"तो ट्रग जरा इकडे देतेस का?" दुकानातल्या आजींनी विचारलं आणि मी तत्परतेने लाल बादली नेऊन दिली.

आजींनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "लव्हली, थँक यू" म्हणाल्या, बादली बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठल्या. इथली माणसं तुमची चूक तोंडावर सांगत नाहीत. आमच्याकडे असतं तर "बादली कशाला आणलीस गं, डोळे फुटले काय" एवढ्यात विषय मिटला असता. इथे मला दोन दिवस चुटपुट लागून राहिली.

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबर्नला राहतो. नवऱ्याची नोकरी दवाखान्यात, मुलगी शाळेत, आणि मी मंगळवारी नि शुक्रवारी एका चॅरिटी शॉपमध्ये बिनपगारी कामाला. लोक घरातलं नको झालेलं सामान पोती भरभरून आणून टाकतात. आम्ही ते निवडायचं, पुसायचं, किमतीची चिठ्ठी लावायची आणि विकायचं. पैसे संस्थेच्या कामाला जातात. मागच्या खोलीत कायम कुणाच्या तरी मेलेल्या मावशीचं अख्खं स्वयंपाकघर पसरलेलं असतं. माझं खरं इंग्रजी त्या खोलीत सुरू झालं.

हे लिहायला लाज वाटते, कारण इकडे येण्याआधी ११ वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजीच शिकवत होते. "बी ए एस के ई टी, बास्केट, बास्केट म्हणजे टोपली." वर्ग हे अशा काही सुरात म्हणायचा की व्हरांड्यातले शिपाईमामासुद्धा झाडू मारता मारता ठेका धरायचे. बॉक्स म्हणजे पेटी, बॅग म्हणजे पिशवी, बकेट म्हणजे बादली. एका शब्दाला एक शब्द, समोरासमोर, नवरा-नवरीसारखे उभे. फळ्यावर फार सुबक दिसायचं ते.

तर ट्रग. टोपली म्हणावी तर ती विणलेली हवी, हा विणलेला नसतो. पुढच्या शुक्रवारी आजी नसताना मी तो उपडा करून नीट पाहिला. सात पातळ फळ्या, प्रत्येक दोन्ही टोकांना निमुळती, एकीवर एक कड चढवून बसवलेल्या, त्यामुळे पोटाचा आकार अगदी होडीसारखा. कडेने एक लाकडी पट्टी वाकवून फिरवलेली. दुसरी पट्टी तिला आडवी, पोटाखालून जाऊन वर येणारी, आणि वर आली की तीच मूठ. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला झाडाची साल तशीच ठेवलेली, बोटाला खरखरीत लागणारी. खाली दोन आडवे पाय, म्हणजे ओल्या मातीवर ठेवला तरी बूड भिजत नाही. खिळे बारीक, तांब्याचे, आणि ठोकणाऱ्याने ते एका ओळीत ठोकण्याची हौस केलेली. बागेत फिरून गुलाब, वाटाण्याच्या शेंगा, दोन बटाटे असं काहीबाही गोळा करायला म्हाताऱ्या बायका हा हातावर अडकवतात.

फळ्या विलोच्या, म्हणजे क्रिकेटची बॅट करतात त्याच झाडाच्या. पट्ट्या चेस्टनटच्या, वाफवून वाकवलेल्या. हा कारभार सगळा या ससेक्सचाच. आमच्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर हर्स्टमन्सू नावाचं गाव आहे, तिथल्या थॉमस स्मिथने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आपले ट्रग मांडले आणि राणी व्हिक्टोरियाला ते आवडले. तिने मागवलेला माल त्याने भावांना घेऊन पायी लंडनला पोचवला असं इकडे सांगतात. आषाढीची वारी बघितलेल्या माणसाला साठ मैलांचं विशेष वाटत नाही, पण सोबत राणीचा माल आहे म्हटल्यावर पाय जरा जपूनच टाकले असतील.

त्या बादलीच्या प्रसंगानंतर मला खोडच लागली. जे भांडं, खोकं, टोपलं हातात येईल त्याचं नाव विचारायचं. आणि कळत गेलं की मी इतकी वर्षं ज्याला सरसकट बास्केट म्हणवून घेत होते, त्यातल्या निम्म्या वस्तूंना इंग्रज माणूस बास्केट म्हणतच नाही.

काही शब्दांनी तर आल्या आल्या फजिती केलेली. रस्त्यात 'स्किप' भाड्याने मिळेल अशी पाटी दिसली, तेव्हा मला वाटलं दोरीवरच्या उड्यांचा क्लास असावा. स्किप म्हणजे घर पाडल्यावर राडारोडा टाकायचा प्रचंड लोखंडी हौद. पण मूळचा शब्द टोपलीचाच. पूर्वी मधमाश्या पाळायला गवताच्या पेंढ्यांची उलटी टोपली असायची तिला 'स्केप' म्हणत, स्किप ही तिचीच बहीण. शेजारच्या काकांनी "माझं बट गळतंय" म्हणून सांगितलं तेव्हा मुलीला हसू आवरेना. बट म्हणजे पागोळीचं पाणी धरायचं पिंप. त्याच बटच्या लॅटिन मुळाचं लहान रूप म्हणजे बॉटल, म्हणजे आपली बाटली त्या पिंपाचं पिल्लू झाली. आणि टिफिन! एका कॅफेत पाटीवर 'टिफिन' वाचून मी भुकेल्या पोटी आत शिरले. वाटलं, पोळी-भाजी नसेल पण निदान भात तरी. समोर आली चॉकलेटची चौकोनी वडी, आत बिस्किटांचे तुकडे. इथे टिफिन म्हणजे ते. साहेब आपल्याकडून डबा घेऊन निघाला आणि पोचेपर्यंत त्यातलं जेवणच बदललं.

कॅडीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. चहा सोन्याच्या मोलाचा होता तेव्हा तो कुलपाच्या डबीत ठेवत, किल्ली मालकिणीच्या कमरेला. ती डबी म्हणजे टी कॅडी. शब्द मलय भाषेतला, 'काती' नावाच्या वजनावरून आलेला, सहाशे ग्रॅमच्या आसपासचं वजन. अशी एक शिसवी कॅडी आमच्या दुकानात आली होती, आत अजून कुलपाचा पितळी खटका, ती काचेच्या कपाटात गेली. आणि माझ्या ओट्यावर नगरपालिकेने दिलेली हिरवी प्लास्टिकची पेटी आहे, बटाट्याच्या साली नि भाज्यांची देठं टाकायची. तिचंही नाव कॅडी.

पनेटने मात्र माझं नाक कापलं. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, ब्ल्यूबेरी ज्या छोट्या चौकोनी खोक्यातून मिळतात ते पनेट. मला शब्द माहीत नव्हता. फेब्रुवारी-मार्चात इथल्या दुकानांत द्राक्षांवर 'भारत' लिहिलेलं असतं. ते पाहून मी फुशारकीने माझ्या चुलतभावाला फोन केला. त्याची तासगावला बाग आहे. म्हटलं, अरे, इकडे या खोक्याला पनेट म्हणतात, माहितीय का?

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "ताई, तू इंग्रजीची बाई ना?"

त्याच्याकडे पॅकिंगला येणाऱ्या बायका, ज्यांतल्या दोघी सही करताना अडखळतात, सकाळी आठपासून पनेट भरतात. ५०० ग्रॅमचं एक पनेट, दहा पनेटांची पाच किलोची पेटी. "आज किती पनेट झाली?" "पनेट दाबू नको गं, मणी फुटंल." तिथे हा शब्द कांद्या-लसणासारखा झालाय. मी मुलांना फळ्यावर बास्केट घोटवत होते तेव्हा त्यांच्या आया पनेट शिकून मोकळ्या झाल्या होत्या. काकांच्या वेळी हीच द्राक्षं बांबूच्या करंडीतून जायची. करंडी या शब्दाला मी परीक्षेत मार्क दिले असते का?

नसतेच दिले. कारण बुट्टीला दिले नव्हते.

सहावीतला एक मुलगा, कोल्हापूरकडून आलेला. 'खालील शब्दांचे मराठी अर्थ लिहा' यात बास्केट समोर त्याने लिहिलं, बुट्टी. मी लाल पेनने काट मारली, बाजूला 'टोपली' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. तो पेपर घेऊन टेबलाशी आला. "बाई, आमच्यात बुट्टीच म्हणतात." मी म्हटलं, "घरी म्हण. पेपरात टोपली." तो गेला. वाद घालणारा नव्हता, घातला असता तर बरं झालं असतं.

आणि म्हणणारी मी कोण? आमच्या आज्जीच्या घरात टोपली हा शब्द दिवसातून एकदा आला तर आला. भाकरी राहायची ती दुरडीत. तांदूळ धुवायची ती रोवळी. कोंबडीवर पालथं घालायचं ते डालगं. शेण डोक्यावर न्यायची ती पाटी. शेंगा, मिरच्या उन्हाला घालायचं ते उथळ शिप्तर. देवीपुढची ती परडी. पाखडायचं ते सूप, आणि नवं पोर पहिल्यांदा निजवायचं तेही सूपच. माजघराच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीची कणगी, शेणाने लिंपलेली, तिच्यात जोंधळा. "टोपली आण" म्हटलं असतं तर आज्जीने विचारलं असतं, कुठली? इंग्रज आजींनी नेमकं तेच केलं होतं. त्यांना बास्केट नको होती, ट्रग हवा होता.

गावाबाहेर ओढ्याच्या कडेला बुरुडाचं घर होतं. मी लहानपणी त्याच्या अंगणात तासन् तास बसायचे. कळक उभा धरून कोयत्याचा एक घाव, आणि मग नुसत्या हाताच्या जोराने तो शेंड्यापर्यंत चरचरत फाटत जायचा. हिरव्या पाठीच्या कांब्या वेगळ्या, पोटाच्या पांढऱ्या वेगळ्या. पायाच्या अंगठ्याने बूड दाबून धरून तो चौकोनी विणायला सुरुवात करायचा आणि वर येता येता तो चौकोन कधी गोल व्हायचा हे मला आजवर नेमकं पकडता आलेलं नाही. दुरडी घरी आली की आज्जी जुने कागद रात्रभर भिजत घालायची, त्यात भिजवलेल्या मेथ्या पाट्यावर वाटून कालवायची आणि तो लगदा दुरडीला आतून-बाहेरून लिंपायची. फटी बुजायच्या, नि मेथीच्या कडवटपणाने किडा लागायचा नाही. वाळली की दुरडी ढोलकीसारखी टणटण वाजायची. भाकरीला चार दिवस मेथीचा वास यायचा. आम्ही कुरकुरायचो.

मापांचंही असंच झालं. 'पीटर पायपर' हे जिभेला पीळ देणारं गाणं मी दरवर्षी मुलांकडून म्हणून घ्यायचे. त्यातल्या 'पेक'चा अर्थ मला चोच मारणे एवढाच ठाऊक. त्यामुळे पीटर पायपरने लोणच्याच्या मिरचीला चोच मारली असं काहीतरी चित्र ११ वर्षं माझ्या डोक्यात होतं. पेक हे माप आहे, दोन गॅलनचं, म्हणजे नऊ लिटरच्या जरा वर. दोन पाइंटांचा क्वार्ट, दोन क्वार्टांचा पॉटल, दोन पॉटलांचा गॅलन, दोन गॅलनचा पेक, मग चार पेकांचा बुशेल. हे दुकानातल्या आजींच्या तोंडून ऐकताना मला एकदम आज्जीचं पाठांतर आठवलं: दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. शेवटचा बुशेल सोडला तर दोन्हीकडे दुपटीचाच हिशेब. मला वाटतं, ज्याला आकडे येत नाहीत त्यालाही ढिगाचे दोन सारखे ढीग करता येतात, म्हणून असेल. ट्रगसुद्धा पूर्वी असेच मापाने ओळखले जायचे, पाइंटाचा, गॅलनचा, बुशेलचा. आणि पॉटल हे तर स्ट्रॉबेरी विकायच्या निमुळत्या टोपलीचंही नाव होतं, पनेटच्या आधीचं.

मागच्या हिवाळ्यात दुकानातल्या एका बाईंचे यजमान गेले. आम्ही सगळ्या अंत्यविधीला गेलो. मला वाटलं होतं चकचकीत लाकडी पेटी असेल. आणली ती विणलेली होती. विलोच्या तपकिरी फांद्यांची, झाकणाला वाद्या, कडेने हिरवळ नि पांढरी फुलं खोवलेली, उचलायला दोरखंडाच्या मुठी. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? केवढा मोठा हॅम्पर! नाताळात आमच्या दुकानातून जॅम, बिस्किटं, वाइन भरून जातात तशा झाकणाच्या पेटाऱ्याला हॅम्पर म्हणतात. विणही तीच, वाद्याही त्याच. मी मान खाली घालून बसले. मग आज्जी आठवली. तिच्या तिरडीचा कळक त्याच ओढ्याकडेच्या बुरुडाकडून आला होता, आणि त्याने पैसे घेतले नव्हते.

घरी येऊन कोश उघडला. कॉफिन या शब्दाचं मूळ ग्रीक 'कोफिनोस', अर्थ टोपली. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलात येशूने पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे लोक बारा 'कॉफिन' भरून गोळा करतात. प्रेताची पेटी हा अर्थ नंतरचा. म्हणजे लाकडी पेट्यांच्या चार-पाचशे वर्षांनंतर तो शब्द फिरून पुन्हा वेताकाठीच्या विणीवर आला होता. हे मला नंतर कळलं तेच बरं, तिथे कळलं असतं तर मी कुणाला तरी सांगितलं असतं.

त्या रात्री कोश लवकर मिटला नाही. हॅम्पर हे मुळात चषक ठेवायच्या खोक्याचं नाव. सरकारी तिजोरीला जो फिस्कल शब्द लावतात तो रोमन लोकांच्या पैशाच्या टोपलीवरून, आणि बजेट म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. सायकलच्या मागे लटकवतात त्या पॅनियरचा अर्थ पावाची टोपली, लॅटिन 'पानिस'वरून, आणि आपला पाव पोर्तुगीजांच्या मार्फत त्याच पानिसचा. गनी बॅगमधला गनी ही आपली गोणी. पिंप पोर्तुगीज 'पीपा', बादली पोर्तुगीज 'बाल्दे', घमेलं पोर्तुगीज 'गामेला'. फळ्यावर मी ज्यांना शुद्ध मराठी नवरी म्हणून उभं करत होते ती बादलीही मुळात परक्याच घरची निघाली. तिला मी कधी अर्धा मार्क कापला नव्हता.

ट्रगचं आता काय झालंय तेही सांगते. बागकामाच्या दुकानात रंगीबेरंगी, लवचिक, दोन कानांची प्लास्टिकची टोपली मिळते, गवंडी तिच्यात माल कालवतात, बायका धुणं टाकतात. तिलाही ट्रग म्हणतात. म्हणजे सरळसरळ आपलं घमेलं! आणि पोर्तुगीज गामेला मूळची लाकूड कोरून केलेली काथवटच. दोघंही लाकडातून निघाले आणि प्लास्टिकमध्ये भेटले.

दुकानातला तो खरा ट्रग तीन आठवडे विकला गेला नाही. एक फळी तडकलेली होती. गल्ल्याच्या पडद्यावर ट्रग असं बटण नाही, आजींनी 'घरसामान' दाबलं, चार पौंड घेतले, आणि मी तो घरी आणला. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला.

"आगं, ही काटवट की!" आई म्हणाली. "हिला मूठ कुणी लावली?"

मी थक्क झाले. काल रात्रीच वाचलं होतं की ट्रग हा शब्द जुन्या 'ट्रोग'शी जोडतात, अर्थ लाकूड कोरून केलेलं भांडं. मला त्यासाठी कोश लागला, आईला मोबाइलची काच पुरली. मी उत्साहाने सगळं सांगायला लागले, ससेक्स, राणी, १८५१. ती ऐकत नव्हती. डोळे बारीक करून स्क्रीनच्या जवळ आली होती.

"ते असू दे. तिकडची फळी तडकलीया बघ. पीठ गळंल."

"आई, यात पीठ नाही मळत. फुलं ठेवतात."

"फुलं? एवढ्या लाकडात?" तिने आतल्या खोलीत कुणाला तरी हाक मारून ही बातमी दिली. मग परत माझ्याकडे वळली. "मेथ्या मिळतात न्हवं तिकडं?"

मिळतात म्हटलं.

"मग रातच्याला कागद भिजत घाल. पेपरचा घे. ते गुळगुळीत मासिकाचं घिऊ नको, ते काय भिजत नसतंय."